तापवलेला सोडा आणि लाल पापड

त्या उन्हाळ्यात आमच्या घरचे उडदाचे पापड लाल झाले, ते माझ्यामुळे. वहिनीचा त्यात काडीचा दोष नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण गोष्ट रंगत गेली की कबुली मागे राहते, आणि माझा स्वभाव मला माहीत आहे. स्वतःची चूक सांगतानासुद्धा मी ती जरा गमतीची करून सांगतो. ऐकणारे हसतात आणि मी सुटतो. या वेळीही हसू आलं तर हसावं, पण मला सोडू नये.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बाजारात किलो आणि ग्रॅम आले होते, पण आमच्या मायच्या स्वयंपाकघरात शेर आणि छटाकच चालत. घर सोनाळा गावातलं. वावरात वांगी, मिरची, कांदे आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. वडील माझ्या लहानपणीच गेलेले. घरात माय, दादा, वहिनी आणि मी. वहिनी मलकापूरची, दादाच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. मी अकोल्याला कॉलेजात शास्त्र शिकत होतो आणि परीक्षा देऊन सुट्टीला आलो होतो. म्हणजे गावात मी सर्वांत जास्त शिकलेला आणि घरात सर्वांत निरुपयोगी होतो.

उन्हाळा म्हणजे पापडांचा हंगाम. उडदाच्या पिठात पापडखार पडला नाही तर पापड फुलत नाही, तळला की चामड्यासारखा होतो. हा खार मायला मलकापुरातल्या एका ठरावीक दुकानातलाच लागे. दादा कापूस विकायला गेला की तिथून पुडी बांधून आणायचा, आणि ती पुडी माय एखाद्या दागिन्यासारखी उतरंडीच्या वरच्या मडक्यात ठेवायची. मी तिला म्हणालो की खार खार म्हणून एवढं काय, तो आपल्या भज्यांतल्या सोड्याचाच भाऊ. सोडा तापवला की झाला खार, मलकापूरपर्यंत जायला कशाला पाहिजे.

माय मिरच्यांची देठं काढत होती. तिनं मानही वर केली नाही.

"मंग दुधाचा भाऊ चुना. दोन्ही पांढरेच हायेत. घाल चहात अन् पी."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. दादाही हसला. कॉलेजात शिकणाऱ्या पोराला घरच्या चुलीपुढे हरणं फार लागतं. मी तेव्हाच ठरवलं की मायच्या पुडीतला खार काढून घ्यायचा आणि त्या जागी माझा, घरी केलेला, ठेवायचा. पापड होतील, तळले जातील, सगळे वाखाणतील, आणि मग मी उभा राहून सांगेन की जो खार तुम्ही खाल्ला तो मलकापूरचा नव्हेच. तो क्षण मी मनातल्या मनात इतक्या वेळा पाहिला होता की पुढे प्रत्यक्षात काय होईल याचा विचार करायला जागाच उरली नव्हती.

गावातल्या दुकानातून खायचा सोडा आणला. एका दुपारी माय आणि दादा मिरची तोडायला वावरात गेले, वहिनी धुणं घेऊन नदीवर गेली. मी चूल पेटवली, लोखंडी कढई ठेवली आणि सोडा ओतला.

ज्यांनी कधी कोरडा सोडा तापवला नाही त्यांना सांगतो, ती पाहण्यासारखी गोष्ट आहे. थोडा वेळ काहीच होत नाही. मग ती पांढरी पूड अंग हलवल्यासारखी हलते. कुठेतरी एक लहानसं छिद्र पडतं, त्यातून वाफ फुसकन निघते, मग दुसरं, मग सगळीकडून. हळूहळू कढईतली कोरडी पूड पाण्यासारखी उकळू लागते. उलथनं घातलं तर ते जवळजवळ पोहतं. ओला थेंब नसताना उकळणारी ती पूड पाहून मी एकटाच हसत बसलो होतो. आत चाललेलं असं असतं: सोडा तापला की त्यातून पाणी सुटतं, वाफ होऊन जातं; आणि एक वायू सुटतो, तोच जो आपण उच्छ्वासातून टाकतो आणि जो बाटलीतल्या सोड्याला फेस आणतो. मागे उरतो तो धुण्याचा सोडा, पहिल्यापेक्षा वजनाला हलका आणि गुणाला कडक.

वहिनी धुणं घेऊन लवकर परतली. दारातच थबकली.

"भाऊजी, काय भाजून राह्यले?"

मी म्हणालो, कॉलेजचा प्रयोग आहे. खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं. तिला गंमत दाखवावी म्हणून मी कढईवर काचेचा ग्लास उपडा धरला. ग्लास आतून घामेजला. तिनं बोट फिरवून पाहिलं, पाणीच होतं. कोरड्या पुडीतून पाणी कसं आलं, हे तिला खरं वाटेना, म्हणून तिनं पुन्हा धरायला लावला. मग मी पेटती काडी कढईच्या तोंडाशी नेली, ती विझली. दुसरी तिनं नेली, तीही विझली. वहिनीला हे इतकं आवडलं की आम्ही दोघांनी मिळून अर्धी काडेपेटी विझवली. लग्न होऊन आल्यापासून ती एवढी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती. आमच्या घरात तिला हसायला निमित्तंच कमी होती.

मायला सांगू नका, असं मी म्हणालो.

"काय सांगू? भाऊजींनी पांढरी माती भाजली म्हनून? मलेच येडी म्हनतील."

सगळा सोडा कढईभर एकदम होत नव्हता, चार-पाच वेळा घालावा लागला, आणि प्रत्येक वेळी चूल हावऱ्यासारखी गोवऱ्या मागत होती. याचंही कारण आहे. सोड्याला मोडायचं तर उष्णता लागते. ती तो आत ओढून घेतो आणि मोडून होईपर्यंत कढईला नीट तापू देत नाही. नुसती रेती असती तर केव्हाच लाल झाली असती. हे सगळं मी वहिनीला समजावत होतो तेव्हा गोवऱ्यांचा ढीग माझ्या पाठीमागे उतरत चालला होता.

संध्याकाळी माय आली आणि तिनं आधी ढीगच पाहिला. तिला माणसापेक्षा ढीग लवकर दिसतात. तिनं विचारलं, एवढ्या गोवऱ्या कोणी जाळल्या? मी तोंड उघडण्याआधी वहिनी म्हणाली,

"मीनं, आत्याबाई. शिकेकाई उकळली. न्हायचं व्हतं."

माय कुरकुरली, पण सुनेच्या केसांपुढे बोलता येईना. आता बोललेलं खरं करायचं म्हणून वहिनीला खरोखरच शिकेकाई उकळून, नको त्या वेळी, केस धुवावे लागले. ती अंगणात ओले केस झटकत उभी असताना शेजारची काकू विहिरीवरून जाताना थांबली आणि नीट पाहून पुढे गेली. मी गोठ्यामागे तोंड दाबून हसत होतो. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की अजून तोंड दाबावंसं वाटतं, पण आता हसण्यासाठी नव्हे.

पुडीची अदलाबदल सोपी होती. मलकापूरचा खार मी त्याच्या कागदासकट सरकीच्या पोत्यात खोल खुपसला. माझा खार दुसऱ्या तसल्याच कागदात बांधून, दोऱ्याला तशीच गाठ मारून मडक्यात ठेवला. तो जिभेवर ठेवला तेव्हा चटका बसल्यासारखं झालं, साबणासारखं लागलं. मला वाटलं, खार म्हणजे हेच. खऱ्या खाराची चव घेऊन पाहावी हे सुचलं नाही. परीक्षेत मला या विषयात चांगले मार्क होते.

पापडाच्या दिवशी गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन आल्या. आमच्याकडे तेव्हा रीत अशी होती की पिठाला हात लावण्याआधी घरची मोठी बाई दारातच विचारणार, कोणी बाहेरची तर नाही ना? बाहेरची म्हणजे जिला तेव्हा चार दिवस शिवायचं नाही अशी. तिची सावली जरी पिठावर पडली तर पापड लाल होतो, असं सगळ्याच जणी धरून चालत. मायनं विचारलं. एकेक जण नाही म्हणून आत आली. वहिनीही नाही म्हणाली.

मायनं खार छटाकाच्या जुन्या वजनानं तोलला, दर वर्षी तोलायची तेवढाच, गुंजभर इकडे ना तिकडे. माठातल्या पाण्यात घातला आणि हातानं ढवळला. मग थांबली.

"आज पानी ऊन काऊन लागते?"

मी म्हणालो, चैत्राचं ऊन आहे माय. तिला पटलं. मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या, कारण ते का गरम लागतंय हे मला ठाऊक होतं. तापवून कोरडा केलेला सोडा पाण्यात पडला की उष्णता बाहेर टाकतो. साधा खायचा सोडा पाण्यात घातला तर उलट पाणी गार होतं. म्हणजे मायचा हात माझा प्रयोग तपासत होता आणि तो बरोबर निघत होता. इतकं सगळं कळत असूनही मला एक साधी गोष्ट कळली नव्हती. तापताना सोड्याचं तिसऱ्या हिश्शाहून जास्त वजन वाफ आणि वायू होऊन उडून गेलेलं होतं. जे उरलं ते निव्वळ कडक. दुकानातला खार मवाळ, जरा ओलसर, मीठ मिसळलेला. त्याच वजनाचा माझा खार घातला म्हणजे पिठात जवळजवळ दुप्पट कडकपणा गेला. मी गावभर रसायनशास्त्र सांगत फिरायचो आणि तराजूपाशी चुकलो.

पीठ कुटताना पिवळसर दिसू लागलं. काकू म्हणाली की डाळ जुनी असेल. पोरं तेल लावलेल्या कच्च्या लाट्या खायला जमली होती, ती एकेक लाटी तोंडात घालून दुसरी न मागता निघून गेली. हे गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं होतं. मीही एक चाखली. जीभ आखडली. तेव्हाच बोलायला हवं होतं. सगळं पीठ वाया गेलं असतं, मायनं लाटणं फेकून मारलं असतं, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. मी विचार केला, वाळल्यावर चव उतरेल.

पापड खाटांवर वाळले. पहिला पापड तळून देवापुढे ठेवायची आमची पद्धत. मायनं कढईत सोडला तो फुलला खरा, पण फुलता फुलता लाल झाला, विटेसारखा. दुसरा सोडला, तोही लाल. तिसरा निखाऱ्यावर भाजला, तो तर जागोजाग तांबडा डागाळला. तोंडात घातला तर कडू.

काकू त्या वेळी आमच्या दारातच होती. तिनं कढईत वाकून पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "कोनाची तरी सावली पडली."

माय म्हणाली, मी विचारलं होतं सगळ्यांना. खार मी हातानं तोलला, डाळ घरची, दगड धुतलेला. आणि मग दोघींचा हिशेब सुरू झाला. गल्लीतली कोणती बाई कधी बाहेर बसली होती हे काकूला माहीत नाही असं होत नसे. तिनं एकेकीला बोटावर मोजून सोडवलं आणि शेवटी म्हणाली,

"तुह्या सुनेनं परवा अवेळी केस धुतले, मी पाह्यलं. न्हान कायचं व्हतं ते?"

चार दिवस संपले की बायका डोक्यावरून न्हातात, हे मला माहीत होतं. पण वहिनीनं दिवस लपवले आणि ते पुरे होण्याआधीच न्हाली, असा अर्थ तिकडून निघेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मायनं वहिनीला समोर बोलावलं. वहिनी ओल्या हातानं आली. मायनं विचारलं, तू लपवलंस का?

"नाही, आत्याबाई. मी नव्हती बाहेरची."

"मंग त्या दिवशी केस कायले धुतले?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी दाराशी उभा होतो आणि अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहत होतो. त्या झाडाची एवढी पानं मी त्याआधी कधी निरखली नव्हती. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की गोवऱ्या मी जाळल्या. खाराचंही बोलायची गरज नव्हती. पण एक धागा ओढला की सगळं उसवणार, हे मला दिसत होतं. गंमत सांगायची वेळ असते, ती गेली की त्याच गोष्टीला लबाडी म्हणतात, आणि ती वेळ पापडासारखीच तेलात पडून गेली होती.

वहिनी खाली पाहून म्हणाली, "उगीच. डोकं भरलं व्हतं."

तिनं माझं नाव घेतलं नाही. आणि ते उत्तर इतकं कच्चं होतं की तिला खोटं ठरवायला मायला दुसरं काही लागलंच नाही.

त्यानंतर दुसऱ्या घरी पापड होते तेव्हा वहिनीला बोलावणं आलं नाही. माय तिला कैऱ्यांना हात लावू देईना. मी तिला सोडवायचे मार्ग शोधत होतो, फक्त एक सोडून. मी मायपुढे भाषण दिलं की विटाळाची सावली वगैरे काही नसतं, पापड लाल होतो तो खार चढल्यानं. माय म्हणाली, खार मी तोलला, तू तोललास का? मी म्हणालो, खारच कडक असेल. माय म्हणाली, इतकी वर्षं त्याच दुकानाचा आणते, आजच काऊन कडक झाला? याचं उत्तर सरकीच्या पोत्यात होतं आणि मी त्याच पोत्यावर बसून बोलत होतो. शेवटी काकूनं मला सुनावलं की बायकांच्या गोष्टीत नाक खुपसायला शिकवतात काय कॉलेजात. मी गप्प बसायला निमित्त मिळाल्यासारखा गप्प बसलो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे नव्या सुना आखाजीला माहेरी जातात, त्यांना न्यायला माहेरचं माणूस येतं. वहिनीचे वडील आले. मलकापूरला रेल्वेलाइनच्या कडेला त्यांचा भाजीचा मळा होता. सावळे, कमी बोलणारे, हात कायम मातीनं भेगाळलेले. येताना आमच्यासाठी काकड्यांची टोपली घेऊन आले. जेवायला बसले. आणि अर्ध्या ताटावर मायनं विषय काढला. तिच्या मनात ते ठसठसत होतं हे खरं, पण पाहुण्याच्या ताटापुढे बोलायला नको होतं. ती म्हणाली की पोरीला सगळं शिकवलंत, पण खरं बोलायला शिकवलं नाही.

त्यांचा घास हातातच राहिला. वहिनी दाराआड होती. त्यांनी विचारलं,

"तिनं सांगतलं काय, की ती नव्हती म्हनून?"

"हाव. सांगतलं तं सांगतलं."

"मंग झालं," ते म्हणाले. त्यांनी ताट रिकामं केलं, अन्न टाकलं नाही, हात धुतले आणि मुलीला घेऊन निघाले. मी त्यांची पिशवी बसपर्यंत नेली. वाटभर माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. बस आली. मी पिशवी वर दिली आणि राम राम केला.

आखाजी होऊन गेली, वहिनी परत आली नाही. निरोप आला नाही. दादा न्यायला गेला आणि एकटाच परत आला. त्यानं बैलांना पाणी पाजलं, मग ओट्यावर बसला आणि मायला म्हणाला की मामंजी पाठवत नाहीत. ते एवढंच म्हणाले होते की जिथं पोरीच्या शब्दाला शब्द मानत नाहीत तिथं तिनं काय करायचं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. चहा दिला, परत पाठवलं. दादा त्यानंतर बोलेनासा झाला. वावरात जायचा, यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. मायही चिडचिडी झाली. ती रोज म्हणायची, माझं काय चुकलं, आणि रोज आवाज थोडा खाली यायचा.

हे सगळं मी एका कढईत शिजवलं होतं. कॉलेज उघडायला थोडेच दिवस होते. मी पळून जाणार हे मला कळत होतं, आणि ते कळणं सहन होईना. एका सकाळी मी सरकीच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला, ती पुडी काढली आणि चिंच निवडत बसलेल्या मायपुढे ठेवली.

मायनं पुडी उलटीपालटी केली. दुकानदाराची दोऱ्याची गाठ तिनं ओळखली.

"हे अठी हाये, तं पापडात काय व्हतं बे?"

मी सांगितलं. कढई, गोवऱ्या, ग्लास, काड्या, शिकेकाई, सगळं. मग तिनं विश्वास ठेवण्याआधी खात्री करून घेतली. मला दुकानातून पुन्हा सोडा आणून तिच्यासमोर तापवायला लावलं. उकळणारी पूड पाहून तिचे डोळे मोठे झाले, पण तिनं ते लगेच लहान केले. मग तिनं स्वतः उडदाचं थोडं पीठ दोन वाट्यांत घेतलं. एकीत मलकापूरचा खार, दुसरीत माझा, दोन्ही तेवढेच. दोन लाट्या लाटल्या, उन्हात टाकल्या आणि दुपारी तळल्या. एक पांढरा फुलला. एक लाल.

माय ते दोन पापड ताटलीत घेऊन चुलीपुढे बसून राहिली. मला वाटलं ती मारेल. माझी तयारी होती, थोडी अपेक्षाही होती.

"चूल माही, गोवऱ्या माह्या, उपद्व्याप तुहा," ती म्हणाली, "अन् विटाळ तिचा?"

मग ती उठली आणि लाल पापड घेऊन थेट काकूच्या घरी गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण काकू त्या पावसाळ्यात माझ्याशी बोलली नाही. परत आल्यावर माय ओट्यावर टेकली. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली की मी व्याह्यांच्या ताटापुढे बोलले, मी येईन आणि माझं मी बोलेन. पण आधी तू जा, तुझं आधी आहे. दादाला तिनं माझ्यासमोरच सगळं सांगितलं. दादानं मला काही केलं नाही. त्यानं फक्त माझी चप्पल उचलून दाराबाहेर, रस्त्याच्या दिशेनं ठेवली.

मी मलकापूरला गेलो. बसमधून उतरल्यापासून मी वाक्यं जुळवत होतो. त्यात रसायनशास्त्र बरंच होतं, कारण ते सांगताना मला आधार वाटायचा. वहिनी घरापुढे कांदे पसरत होती. मला पाहून तिनं पाणी आणलं, दादाचं विचारलं. मी पाणी न पिताच सुरू झालो. खार, वजन, वायू, कडकपणा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे त्या दिवशीची पांढरी माती पापडात गेली," ती म्हणाली.

हो, मी म्हणालो. मग मी म्हणालो की वहिनी, मला माफ करा.

ती कांद्याची पात तोडत राहिली. तिचा आवाज चढला नाही. "मले कायले सांगता, भाऊजी? मी खरी व्हती, हे मले माहीतच व्हतं. तुम्ही त्या झाडाकडं पाहून राह्यले व्हते, तेबी माहीत व्हतं. माह्या बापानं खाली मान घालून तुमच्या घरचं जेवन संपवलं. त्याईले सांगा."

मी विचारलं, त्यांना सांगितलं तर तुम्ही परत याल का? ती म्हणाली, आधी सांगा तर.

मळा लाइनच्या पलीकडे होता. ते वांग्यांना पाणी देत होते, फावड्यानं एकेक वाफा उघडत, बुजवत. एक मालगाडी जात होती. ती संपेपर्यंत बोलता येईना, आणि ती संपू नये असं मला वाटलं. त्यांनी मला ओळखलं, फावडं टेकवलं आणि मी बोलायची वाट पाहिली. मी जुळवलेली वाक्यं शोधली. वायू, वाफ, वजन, सगळं होतं, पण ते सांगितलं असतं तर पुन्हा मीच हुशार ठरलो असतो. वहिनी माझ्यामागून बांधावर येऊन उभी राहिली होती. पाण्याच्या पाटात माझे पाय बुडाले होते.

"बाबा," मी म्हणालो, "पापड मी नासवले. गोवऱ्या मी जाळल्या, अन् मले बोलनं खावं लागू नये म्हनून वहिनी माह्यासाठी खोटं बोलल्या. त्याईच्यावर आळ आला तवा मी तिथंच उभा व्हतो अन् गप्प राह्यलो. तुम्ही जेवून राह्यले व्हते तवाबी मी गप्प राह्यलो, अन् बसपर्यंत तुमची पिशवी नेली तवाबी. तुमची पोरगी खरी हाये. मी चुकलो. मले माफ करा."